अर्ध्या वाटेवरचं रसायन

सेंद्रिय रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाच्या हाताला एक सवय लागते. रेणू दाद देत नसेल तर उष्णता वाढवायची, आम्ल तीव्र करायचं, उत्प्रेरक बदलायचा. माझंही शिक्षण असंच झालं. पुढची उमेदीची वर्षं मात्र जिवाणूंच्या एन्झाइमांकडून बेंझीनच्या कुळातल्या रेणूंवर काम करून घेण्यात गेली आणि ही सवय सुटत गेली. आज या वाटेला वळणारी मुलं-मुली पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती पडणाऱ्या शोधनिबंधांत यील्ड असतं, आकृत्या असतात. पण हे काम करताना विचार करण्याची रीत कशी बदलत जाते, ते नसतं. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी मूळ अडचण सांगते. बेंझीन म्हणजे सहा कार्बन अणूंचं कडं. त्याला एक मिथिल गट जोडला की टोल्युइन. दोन कडी एकमेकांना चिकटली की नॅप्थलीन, म्हणजे कपड्यांच्या कपाटातली डांबराची गोळी. या कड्यांतले काही इलेक्ट्रॉन एका जागी न राहता सबंध कड्यावर पसरलेले असतात, म्हणून ही संयुगं फार स्थिर असतात. त्यांना हलवायचं तर जोर लावावा लागतो आणि जोर लावला की नेम राहत नाही. टोल्युइनचं नायट्रेशन घ्या. तीव्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात ते घातलं की नायट्रो गट सुमारे ६० टक्के रेणूंत मिथिलच्या शेजारी बसतो, ३५ ते ४० टक्क्यांत बरोबर समोर बसतो आणि उरलेल्या थोड्या रेणूंत मधल्या जागी. आपल्याला यांतला एकच हवा असतो. मग बाकीचे वेगळे काढा, त्यांना गिऱ्हाईक शोधा, वापरलेल्या आम्लाची विल्हेवाट लावा. रासायनिक कारखान्याचा मोठा खर्च हवी ती वस्तू बनवण्यापेक्षा नको त्या वस्तू निस्तरण्यात जातो, हे तिथे काही महिने काढलेल्या कुणालाही माहीत असतं.

हेच टोल्युइन मातीतला एक जिवाणू कसं हाताळतो ते पाहा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या अर्बाना इथल्या एका प्रदूषित ओढ्यातून सूडोमोनास पुटिडा या जिवाणूचा एक वाण वेगळा केला गेला. रीत साधी होती. खाण्यासाठी एथिलबेंझीनशिवाय दुसरं काहीच ठेवायचं नाही. त्यावर जे जगतील ते उचलायचे. या वाणाचं नाव एफ-१. डेव्हिड गिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८च्या सुमारास अशा जिवाणूंचा अभ्यास मांडायला सुरुवात केली. ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरून त्यांनी १९७०मध्ये दाखवलं की हवेतल्या ऑक्सिजनच्या एकाच रेणूतले दोन्ही अणू हा जिवाणू कड्याच्या शेजारशेजारच्या दोन कार्बनांवर बसवतो, आणि तेही कड्याच्या एकाच अंगाला. आपल्या यकृतातलं एन्झाइम एकच अणू बसवतं, मग पाण्याचा रेणू येतो आणि दोन हायड्रॉक्सिल गट विरुद्ध अंगांना जातात. जिवाणूच्या पदार्थात दोन्ही एका अंगाला असतात. हा पदार्थ म्हणजे सिस-डायॉल. टोल्युइनमध्ये ही जोडी नेमकी मिथिलच्या शेजारच्या आणि त्याच्या पुढच्या कार्बनावर येते, आणि त्या रेणूची आरशातली प्रतिमा जवळजवळ सापडत नाही. हे सगळं पाण्यात, तीस अंशांना, आम्लाचा थेंबही न घालता.

हे काम घडवणाऱ्या एन्झाइमाला टोल्युइन डायऑक्सिजनेज म्हणतात. काचेच्या फ्लास्कमध्ये एवढ्या नेमानं ही क्रिया करणं रसायनतज्ज्ञांना कित्येक दशकं जमलं नव्हतं. २०१६मध्ये डेव्हिड सार्लाह यांच्या गटानं प्रकाश, ऑस्मियम आणि एक मदतनीस रेणू वापरून असे डायॉल बनवण्याची रीत दाखवली. ते काम इलिनॉय विद्यापीठात झालं, म्हणजे ज्या गावच्या ओढ्यात तो जिवाणू सापडला त्याच परिसरात. त्या शोधाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ऑस्मियम किती विषारी आणि किती महाग असतं ते हाताळणाऱ्याला विचारावं. ओढ्यातल्या जिवाणूनं हेच काम लोखंडाच्या एका अणूवर भागवलं आहे.

मी या विषयात आले तेव्हा माझ्या डोक्यात एन्झाइम म्हणजे एक चांगला उत्प्रेरक एवढंच होतं. बाटलीतून काढायचा, फ्लास्कमध्ये घालायचा. गटात मायक्रोबायॉलॉजीच्या एक ज्येष्ठ बाई होत्या. मी माझी योजना फळ्यावर मांडली, कच्चा माल डावीकडे, डायॉल उजवीकडे, मधे बाण. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण हे करून त्या जिवाणूला काय मिळणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, असा प्रश्न रसायनशास्त्रात कुणी विचारतच नाही. त्यांनी खडू घेतला आणि माझा बाण पुढे वाढवत नेला. डायॉलपासून मिथिल कॅटेकॉल, मग कडं फुटून पिवळ्या रंगाचा पदार्थ, मग छोटी आम्लं, शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा. "तो जेवतोय," त्या म्हणाल्या. "तुला हवाय तो त्याच्या तोंडातला घास आहे."

माझ्या कामाला वळण देणारी गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगते. जिवाणूचा नेम अचूक असतो, पण तो त्याच्या भुकेसाठी आहे. डायॉल त्याच्या दृष्टीनं वाटेतला एक टप्पा; तिथे थांबण्यात त्याला काहीच मिळत नाही. आपल्याला हवी असलेली वस्तू त्याच टप्प्यावर आहे. म्हणजे आपलं काम क्रिया घडवण्याचं नाही, ती आधीच घडते आहे. आपलं काम ती योग्य जागी थांबवण्याचं आहे. मग मी जुने निबंध पुन्हा वाचायला घेतले, आणि या क्षेत्राचा सगळा इतिहास थांबवण्याच्या युक्त्यांचा इतिहास म्हणून दिसायला लागला.

पहिली युक्ती गिब्सन यांचीच. त्यांनी एफ-१पासून एक उत्परिवर्तित वाण मिळवला, ३९/डी नावाचा. त्यात डायॉलचं पुढे कॅटेकॉल करणारं एन्झाइम बिघडलेलं होतं. टोल्युइन द्या, जिवाणू सवयीनं त्याचा डायॉल करतो आणि तिथे अडकतो. डायॉल पाण्यात साठत जातो. अर्थात डायॉलवरच अडकलेल्या जिवाणूला टोल्युइनपासून पोषण मिळत नाही, म्हणून त्याला खायला दुसरं काही द्यावं लागतं. ३९/डीला आर्जिनिन हे अमिनो आम्ल देत. एका हातानं अन्न द्यायचं आणि दुसऱ्या हातानं टोल्युइन दाखवत राहायचं, कारण ते दिसलं नाही तर तो ते एन्झाइम बनवणंच बंद करतो.

दुसरी युक्ती जनुकशास्त्र आल्यावर शक्य झाली. पूर्ण वाटच कशाला न्यायची, आपल्याला लागतील तेवढीच जनुकं उचलून इ. कोलाय या जिवाणूत घालावीत. १९८९मध्ये गिब्सन यांच्या गटानं टोल्युइन डायऑक्सिजनेजची जनुकं असलेला असा वाण तयार केला आणि तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला. इ. कोलायला डायॉल पुढे नेताच येत नाही, त्यामुळे तो तिथेच राहतो. आणि एन्झाइम बनवायचा हुकूम आपण बाहेरून देतो, टोल्युइनच्या हजेरीची गरज उरत नाही.

तिसरी युक्ती मला सगळ्यात देखणी वाटते. मधुमेहावरच्या ग्लिपिझाइड या औषधासाठी मिथिलपायराझिन कार्बॉक्झिलिक आम्ल लागतं. त्याचा कच्चा माल म्हणजे दोन मिथिल गट असलेलं एक कडं. दोन्ही गट अगदी सारखे; त्यांतल्या एकाचंच आम्ल करायचं आणि दुसऱ्याला धक्काही लावायचा नाही. रासायनिक रीतीनं एकाचं आम्ल होईपर्यंत दुसराही ओढला जातो. स्वित्झर्लंडमधल्या लोन्झा कंपनीनं यासाठी झायलीन खाणारा सूडोमोनास पुटिडा वापरला. झायलीनमध्येही दोन मिथिल गट असतात आणि हा जिवाणू आधी एकाचंच आम्ल करतो, मग कडं फोडायला घेतो. पायराझिनचं कडं दिलं की पहिली पायरी होते. पण पुढच्या एन्झाइमाला नायट्रोजन असलेलं हे कडं चालत नाही, म्हणून काम आपोआप थांबतं. तिथे जनुकात काही मोडलं नव्हतं, काही नवं घातलं नव्हतं. जिवाणूची पूर्ण वाट ज्याला पाठ होती त्याला ती कुठे अडेल हे आधीच दिसलं.

आता हाताच्या कामाबद्दल. नव्या माणसाला या विषयाची गोडी लावायची तर मी त्याला निळी प्लेट दाखवते. नॅप्थलीन डायऑक्सिजनेजची जनुकं घातलेला इ. कोलाय साध्या पोषक आगारवर रेघा ओढून रात्रभर ठेवायचा. सकाळी वसाहती फिकट असतात, कडेला थोडी राखाडी झाक. दुपारपर्यंत झाक गडद होते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या रेघा शाईसारख्या निळ्या. तो रंग खराखुरा इंडिगो, म्हणजे नीळ. पोषक द्रव्यातल्या ट्रिप्टोफॅनपासून इ. कोलाय स्वतःच इंडोल बनवतो; आपण घातलेलं एन्झाइम इंडोलवर ऑक्सिजन चढवतं; पुढचं काम हवा करते. १९८३मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केलं. ज्या रंगासाठी आपल्याकडे बंगाल-बिहारात शेतकऱ्यांवर जुलूम झाले आणि ज्याचा कृत्रिम अवतार जर्मनीच्या बीएएसएफनं १८९७मध्ये बाजारात आणला, तो एका प्लेटवर विनासायास उमटतो. आम्हा लोकांना त्याचा रोजचा उपयोग वेगळाच. निळा रंग आला म्हणजे एन्झाइम जिवंत आहे, काम करतंय. महागडं यंत्र न लावता डोळ्यांनी मिळणारी ही खूण आहे. एखादी वसाहत पांढरी राहिली तर तिनं आपण घातलेली जनुकं वाहणारं प्लाझ्मिड टाकून दिलंय असा संशय घ्यायचा आणि तो वाण पुढे न्यायचा नाही. चांगला वाण खोल गोठवणीत विरजणासारखा जपून ठेवायचा आणि दर वेळी त्याच मूळ साठ्यातून सुरुवात करायची, ही शिस्त निळ्या-पांढऱ्या रंगानं जितकी पटते तितकी व्याख्यानानं पटत नाही.

दुसरी गोष्ट हात जपून ठेवण्याची. टोल्युइनचा डायॉल पांढऱ्या स्फटिकांचा, देखणा पदार्थ आहे, पण फार हळवा. कड्याची मूळची स्थिरता त्यानं गमावलेली असते आणि ती परत मिळवायला तो टपलेला असतो. आम्लाचा अंश मिळाला की पाण्याचा एक रेणू टाकून तो क्रेसॉल होतो. म्हणून फर्मेंटरमधलं द्रव बाहेर काढलं की आधी त्याचा पीएच अल्कलीच्या बाजूला न्यायचा, मग पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायच्या. अर्क काढायला इथाइल ॲसिटेट वापरायचं, पण तेही आधी सोड्याच्या द्रावणानं धुऊन घेतलेलं, कारण बाटलीतल्या इथाइल ॲसिटेटमध्ये ॲसेटिक आम्लाचा अंश असतो. रोटरी इव्हॅपोरेटरच्या बाथचं तापमान कमी ठेवायचं. सिलिकाच्या कॉलममध्ये रेंगाळू द्यायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेत या पदार्थावर कुणी काम करत असलं आणि खोलीत क्रेसॉलचा जंतुनाशकासारखा वास सुटला, की काही विचारावं लागत नसे. ज्याच्या हातात फ्लास्क असे त्याचा चेहरा उतरलेला असे. क्लोरीन किंवा ब्रोमीन असलेले डायॉल थोडे सोशिक असतात, म्हणून मी नव्या मुलांना त्यांच्यापासून सुरुवात करायला लावते.

एवढ्या हळव्या पदार्थासाठी इतका आटापिटा का, असं विचारणारे भेटतात. कारण या छोट्या रेणूत पुढच्या बांधकामाला लागणारं सगळं असतं. दोन हायड्रॉक्सिल, दोन दुहेरी बंध आणि ठरलेली त्रिमितीय ठेवण. स्टीव्हन ले यांनी १९८७मध्ये बेंझीनच्या डायॉलपासून पिनिटॉल बनवलं. बोगनवेलीच्या पानांत सापडणारं हे संयुग आहे. टोमास हुडलिकी यांनी अशा डायॉलपासून कोडीन-मॉर्फिनच्या कुळापर्यंत वाटा काढल्या आणि रसायनतज्ज्ञांना जिवाणू वाढवायला शिकवलं. हार्वर्डमध्ये अँड्र्यू मायर्स यांच्या गटानं २००५मध्ये टेट्रासायक्लिन प्रतिजैविकांचं संश्लेषण मांडलं, त्याची पहिली पायरी म्हणजे बेन्झोइक आम्लावर जिवाणूनं केलेली हीच क्रिया. बेन्झोइक आम्ल लोणच्या-सरबतांतल्या परिरक्षकाच्या कुळातलं, अगदी स्वस्त. त्यातून एका पायरीत जे मिळतं ते इतर मार्गानं मिळवायला अनेक पायऱ्या लागल्या असत्या.

प्रयोगशाळेतून कारखान्यात गेले तेव्हा विषयाचं दुसरं अंग दिसलं. फ्लास्कमध्ये हवा पुरते, टाकीत ती पुरवावी लागते. प्रत्येक डायॉलमागे ऑक्सिजनचा एक रेणू, शिवाय पेशींच्या श्वसनाचा वेगळा. दाट वाढलेल्या पेशी द्रवातला ऑक्सिजन डोळ्यांदेखत शून्यावर आणतात. मग हवा वाढवा, ढवळण्याचा वेग वाढवा; त्यानं फेस येतो; फेस मोडायला औषध घाला, तर त्या औषधानं ऑक्सिजन विरघळण्याचा वेगच उतरतो. त्यात टोल्युइन जिवाणूलाही विषारी. पेशीच्या आवरणात शिरून ते तिला पोखरतं. एकदम ओतलं तर पेशी मरतात, फार कमी दिलं तर एन्झाइम रिकामं बसतं. कुणी ते हवेच्या प्रवाहाबरोबर वाफेच्या रूपात देतं, कुणी लिक्विड पॅराफिनच्या थरात विरघळवून ठेवतं, म्हणजे पाण्यात ते थोडं थोडं झिरपत राहतं. हा तोल साधणं हेच निम्मं काम.

त्या कारखान्यातले एक ऑपरेटर प्रतिजैविकांच्या फर्मेंटेशनवर आयुष्य काढलेले होते. मी पडद्यावरच्या ऑक्सिजनच्या रेषेकडे बघत बसायची. ते मधूनमधून टाकीच्या काचेशी जाऊन उभे राहायचे. एकदा ते म्हणाले, "मॅडम, रेषा पडायच्या आधी फेस बदलतो. बारीक होतो, चिवट होतो." त्यानंतर मीही काचेशी उभी राहायला लागले. फेस का बदलतो याचं कारण पुढे वाचून कळलं. पेशी फुटल्या की आतली प्रथिनं बाहेर येतात आणि बुडबुडे टिकतात. म्हणजे त्यांच्या डोळ्यांनी जे टिपलं होतं ते पेशी मरू लागल्याचं लक्षण होतं, आणि आमचा प्रोब ते उशिरा सांगत होता. भारनियमनाच्या काळात तर या जाणत्या नजरेवरच बॅच वाचायच्या. वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला काही मिनिटं लागली तरी दाट वाढलेल्या पेशी तेवढ्यात गुदमरतात. वीज गेल्या क्षणी टोल्युइनची धार आधी बंद करायची, हा नियम त्यांनी घालून दिला. नंतर तो आमच्या लेखी कार्यपद्धतीत आला.

त्याच कारखान्यात एका प्रोसेस इंजिनिअरनं विचारलेला प्रश्न मी आजवर जवळ बाळगला आहे. "एका किलोमागे किती पाणी?" डायॉल पाण्यात मजेत विरघळतो, म्हणून तो बाहेर काढायला भरपूर इथाइल ॲसिटेट लागतं. टाकी निर्जंतुक करायला वाफ लागते. बॅच संपली की जनुकं बदललेल्या पेशी सांडपाण्यात सोडण्याआधी मारून टाकाव्या लागतात, त्यालाही उष्णता लागते. हे सगळं मांडून पाहिलं तेव्हा आमच्या एका पदार्थाचा हिशेब बसला नाही. जुनी रासायनिक पद्धत दोनच पायऱ्यांची होती आणि तिचा कचराही आटोक्यात होता. तो प्रकल्प बंद झाला. दुसऱ्या पदार्थाला रासायनिक वाट लांबलचक होती, शिवाय त्यात डाव्या-उजव्या प्रतिमा वेगळ्या काढताना निम्मा माल फुकट जायचा. तिथे जिवाणू टिकला. एन्झाइम म्हटलं की ते पर्यावरणाला हिताचं, असं सरसकट म्हणण्याचा मोह मला तेव्हापासून झाला नाही. या विषयावर माझं प्रेम आहे म्हणूनच हे ठासून सांगते. जिथे फ्लास्कमधल्या जोराला नेम धरता येत नाही आणि त्या चुकलेल्या नेमाची किंमत मोठी असते, तिथे जिवाणूला बोलवावं. बाकी ठिकाणी साधं रसायन चांगलं.

नेम कुठून येतो, हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सोबत राहिला. एका विद्यार्थिनीनं नॅप्थलीनच्या एन्झाइमाला टोल्युइन देऊन पाहिलं. ती डायॉलची वाट बघत होती. मिळाला बेंझिल अल्कोहोल. म्हणजे एन्झाइमानं कड्याला हातच लावला नाही, बाहेर लटकलेल्या मिथिलवर एक ऑक्सिजन बसवला. तिनं घाबरत घाबरत निकाल दाखवला. मी तिला गिब्सन यांच्या गटाचे निबंध काढून दिले. त्यांत हेच नोंदलेलं होतं. दोन एन्झाइमं एकाच कुळातली, दोघांच्या पोटात लोखंडाचा अणू सारख्याच पद्धतीनं बांधलेला, तरी टोल्युइन समोर आलं की एक कड्यावर वार करतं आणि दुसरं मिथिलवर. फरक खळग्याच्या आकारात आहे. १९९८मध्ये नॅप्थलीन डायऑक्सिजनेजची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली आणि लोखंडाच्या भोवतीचा तो खळगा डोळ्यांना दिसला. रेणू त्यात जसा बसेल तसा त्याचा एक भाग लोखंडासमोर येतो, आणि तिथेच ऑक्सिजन चढतो. पुढे असंही दिसलं की खळग्यातलं ३५२व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं, तर बायफिनिल आणि फिनॅन्थ्रीन यांच्यावरची वाराची जागा सरकते. सबंध प्रथिनात एक अमिनो आम्ल. हे वाचलं त्या दिवशी मी ती विद्यार्थिनी बसायची त्या टेबलाशी जाऊन तिला ते आकडे वाचून दाखवले होते.

खळगा नीट भरला नाही तर काय होतं तेही पाहावं. नॅप्थलीनच्या याच एन्झाइमाला बेंझीन दिलं तर ऑक्सिजन खर्च होतो, पेशीची शक्तीही खर्च होते. पण बराचसा ऑक्सिजन बेंझीनवर न चढता हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन बाहेर पडतो आणि तेच पेरॉक्साइड एन्झाइमाला मारतं. वरवर पाहता वेग चांगला दिसतो. म्हणून आम्ही नियम केला की नुसता ऑक्सिजन किती खाल्ला ते मोजून समाधान मानायचं नाही. पदार्थ किती झाला ते त्याच्या शेजारी मांडायचं. दोन आकड्यांत तफावत दिसली की समजायचं, रेणू आणि खळगा यांचं जमलेलं नाही.

आणि भुकेबद्दल आणखी एक गोष्ट. बहुतेक जिवाणूंना सोपं अन्न मिळालं की ते बेंझीनच्या कुळातल्या, म्हणजे ॲरोमॅटिक, संयुगांकडे वळत नाहीत. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वेगळा केलेला सूडोमोनासचा सीएसव्ही-८६ हा वाण याला अपवाद निघाला. पवईच्या आयआयटीत त्याचा पुढे अभ्यास झाला आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालं की ग्लुकोज आणि ॲरोमॅटिक संयुग दोन्ही समोर ठेवली तर तो आधी ॲरोमॅटिक संयुग संपवतो आणि मग ग्लुकोजला तोंड लावतो. हे मी वाचलं आणि मला त्या बाईंचा प्रश्न वेगळ्या अर्थानं कळला. जिवाणूची आवड सगळीकडे सारखी नसते. आपण ज्याला अडचणीचं अन्न समजतो ते कुणाच्या तरी आवडीचं असतं. आपल्याच मातीत, गॅरेजच्या तेलकट जमिनीत, पेट्रोल पंपामागच्या गटारात अशा आवडीनिवडी भरलेल्या आहेत. तिथून माती आणायची, साध्या क्षारांच्या द्रावणात ढवळायची, नॅप्थलीनचे स्फटिक प्लेटच्या झाकणात ठेवायचे आणि वाट पाहायची. या कामाला परदेशी जावं लागत नाही, मोठं अनुदानही लागत नाही.

आज साधनं फार पुढे गेली आहेत. प्रथिनाची रचना संगणक काढून देतो. एन्झाइमात हजारो बदल करून त्यांतला सरस निवडण्याच्या पद्धतीसाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८चा नोबेल मिळाला. मुलं या साधनांवर सराईतपणे हात चालवतात याचा मला आनंद आहे. तरीही माझ्याकडे नवीन कुणी आलं की पहिल्या आठवड्यात मी त्याला संगणकाशी बसू देत नाही. निवडलेल्या जिवाणूची पूर्ण वाट त्यानं फळ्यावर लिहायची, कच्च्या मालापासून कार्बन डायऑक्साइडपर्यंत, प्रत्येक पायरीचं एन्झाइम आणि त्याला काय चालतं, काय चालत नाही, यासकट. मग त्यावर एक रेघ ओढायची, इथे थांबायचं म्हणून. रेघ कशानं राखणार ते सांगायचं: जनुक मोडून, जनुक उचलून, की पुढच्याला न चालणारा रेणू देऊन. आणि शेवटी इंजिनिअरचा प्रश्न, एका किलोमागे किती पाणी. ही चार उत्तरं जुळली नाहीत तर विषय बदलायचा. जुळली तर मग त्या जिवाणूला त्याच्या अटींवर खाऊपिऊ घालायचं, हवा द्यायची, विष थोडं थोडं द्यायचं आणि आपला रेणू त्याच्याकडून घ्यायचा. जोर लावून जे साधलं नव्हतं ते या रीतीनं साधताना मी पाहिलं आहे, म्हणून हे खात्रीनं सांगते.